वाघाच्या वाकड्या रेघा

वाघ गुरगुरला की अख्खं रान गप्प व्हायचं, त्या काळची गोष्ट. एकदा म्हशींच्या कळपापुढे वाघ उभा ठाकला. म्हशींनी रेडकांना मधे घेऊन शिंगं बाहेर रोखली, पण पाय लटलटत होते. एक जरी पळाली असती, तरी कडं फुटलं असतं.

"हलाल तर खबरदार!" दांडगी भुरी ओरडली. पाय आणखीच कापू लागले.

तेवढ्यात पुढारीण मोरी म्हणाली, "अगं बायांनो, याच्या रेघा मारताना देवाची पट्टी हरवली होती वाटतं!"

सगळ्या खदखदून हसल्या आणि खांद्याला खांदा लावून घट्ट उभ्या राहिल्या. वाघाने आजवर भिणारेच पाहिले होते. तो मुकाट्याने वळला.

"आक्का, तुला भीती नाही वाटली?" भुरीने विचारलं.

"वाटली की! पाय इतके कापत होते, की पळताच येईना."

कळप पुन्हा हसला आणि मान ताठ करून तिच्यामागे निघाला.