पट्ट्याचा आंबा

हे समोर वाळकं खोड उभं आहे ना, त्याला पट्ट्याचा आंबा म्हणतात. जवळ जा, हात लावून बघा, काही होत नाही. कंबरेच्या उंचीला कुणीतरी आवळून धरल्यासारखं ते बारीक झालंय, आणि त्याच्या वरच्या अंगाला लाकूड सुजून पुढे आलंय. आंब्याचं लाकूड इतकं टिकत नाही एवढं मलाही कळतं, वाळवी त्याचा भुगा करते. पण हे उभं आहे. माझ्या सासूच्या सासूनंही ते असंच पाहिलं होतं म्हणे.

आणि बाबांनो, तेवढं डबा खरवडायचं थांबवा. चमच्याचा तो आवाज ऐकला आणि मी उठून उभीच राहिले. बघा, समोरच्या दोन्ही घरांतल्या म्हाताऱ्या दारात आल्या. रागावू नका, तुम्ही पाहुणे, तुम्हाला काय ठाऊक. आमच्या माचीवर भांडं खरवडत नाहीत. माझी सून पाण्याला खाली गेलीय, ती येईपर्यंत सावलीला बसा. मला येसूआजी म्हणतात. बडबडी आहे असंही म्हणतात, ते काही खोटं नाही.

पाणी तेव्हाही खालीच होतं आणि आताही खालीच आहे. नळ आलाय, पण होळीनंतर त्यातून नुसती हवा येते. खाली दरीत झरा आहे, तिथून हंडा डोक्यावर घेऊन ही चढण चढायची. असं सांगतात, की फार पूर्वी या जागी बहिणाई नावाच्या बाईचं घर होतं. माणसांनी भरलेलं घर, आणि दारात हा आंबा. बहिणाईचा एकुलता एक मुलगा म्हादू लहानपणी तापानं फणफणला. अन्न सुटलं, डोळे वर गेले. तेव्हा बहिणाई या झाडाखाली आली आणि तिनं देवीला नवस बोलला, की माझं पोर वाचव, तुझ्या आंब्याला कंबरपट्टा घालीन.

पोर वाचलं. बहिणाई शब्दाची पक्की. तिनं खालच्या गावातून तांबट बोलावला, तांब्याचा पट्टा घडवून घेतला आणि झाडाला घालून त्याची टोकं खिळ्यांनी जोडली. तांबट म्हणाला होता म्हणे, की बाई, थोडा सैल ठेवू या. पण बहिणाईला ते पटलं नाही. देवीचा दागिना असा ढिला लोंबता कसा चालेल! चांगला अंगासरसा घट्ट बसवून घेतला. तेव्हापासून तिच्या मनानं एकच धरलं, की आपल्या म्हादूचा जीव त्या पट्ट्यात आहे. कुणी त्याला साधा धक्का लावला तरी ती अंगावर धावून जायची.

म्हादू वाढला, तसा आंबाही वाढला. पट्टा मात्र वाढला नाही, तांबंच ते.

पुढे म्हादूचं लग्न झालं. पलीकडच्या खोऱ्यातली सगुणा नावाची मुलगी सून होऊन आली. तिचा बाप डोंगरउतारावर रान साफ करून नाचणी पेरायचा. सगुणा अंगानं काटक आणि बोलायला कमी. घरात आली आणि पाण्याचा हंडा तिच्याकडे आला. आता नीट ऐका हं, सासू काही कैदाशीण नव्हती. मुद्दाम कुणी सगुणेला उपाशी ठेवलं नाही. पण घराची रीत अशी, की आधी पुरुषांची पंगत, मग पोरंबाळं, मग थोरल्या बायका, आणि पाण्याला गेलेली येईल तेव्हा येईल. जेवायची वेळ आणि तिच्या खेपेची वेळ नेमकी एकच यायची. ती वर यायची तेव्हा तळाशी जे उरलं असेल ते तिचं. एखाद्या दिवशी काहीच उरायचं नाही, मग ती म्हणायची मला आज भूक नाही, आणि सगळ्यांना ते खरं वाटायचं. आपल्याला सोयीचं असलं की खरं वाटतंच.

तिला दिवस गेले. पोट दिसायला लागलं तशी बहिणाईच्या आनंदाला पारावार उरला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, सून कशी भरलीय बघा. पोटाकडे सगळ्यांचं लक्ष होतं. हातापायांच्या काड्या झाल्यात हे कुणी पाहिलं नाही.

त्याच वर्षी हा आंबा कधी नव्हे असा मोहरला. फळ तर इतकं धरलं, की फांद्यांना खालून टेकू द्यावे लागले. दोन्हीकडे एकदम पालवलं, देवी पावली, असं अख्खी माची म्हणत होती.

एक सगुणेला तेवढं ते पटेना. वर आली की हंड्यातलं थोडं पाणी ती रोज आंब्याच्या आळ्यात ओतायची. तिच्या लक्षात आलं, की काल ओतलेलं पाणी आज तसंच साचलेलं आहे. झाड पाणी पीत नाहीय. तिनं हातानं माती उकरली, तर बारीक मुळं कुजलेल्या सुतळीसारखी हातात आली. मग तिनं वर पट्ट्याकडे पाहिलं. तांबं सालीत पार रुतलं होतं आणि त्याच्या वर झाडाला सूज आली होती. हे तिनं माहेरी पाहिलेलं होतं. मोठं झाड कुऱ्हाडीनं पडत नसलं की तिचा बाप त्याच्या बुंध्यावरची साल गोल कड्यासारखी सोलून काढायचा आणि घरी यायचा. झाड लगेच मरत नाही. वर्षभर, कधी त्याहून जास्तही हिरवं राहतं, आणि मग एकाएकी वाळतं.

ती सासूकडे गेली. सगुणा आपण होऊन एवढं लांबलचक कधी बोलली नव्हती, म्हणून ते बोलणं माचीनं शब्दाला शब्द जपून ठेवलंय.

"आत्याबाई, मुळं मातीतलं पाणी न् सत्त्व लाकडातून वर देतात. त्या पाण्यावर पानं उन्हात अन्न रांधतात. त्यातला मुळांचा वाटा सालीतून खाली येतो. पट्ट्यानं ती खालची वाट बंद केलीय. वर जेवण चाललंय आणि पाणी देणारी मुळं खाली उपाशी मरतायत. पट्टा तोडू नका, नुसता सैल करा."

बहिणाईनं लगडलेल्या फांद्यांकडे बोट दाखवलं. म्हणाली, एवढी फळं आणि म्हणे उपाशी! सगुणेनं सांगितलं, की खाली जायचं ते वरच अडलंय, म्हणून तर एवढी फळं. पण ते बहिणाईच्या कानांत शिरलं नाही. तिला फक्त पट्टा ऐकू आला, आणि पट्टा म्हणजे म्हादू. तुझ्याच नवऱ्याच्या जिवावर उठलीस का, असं ती सुनेला तोंडावर म्हणाली. सगुणेनं हंडा उचलला आणि परत खाली निघून गेली.

मला विचाराल तर ती झाडाचं सांगत होती आणि आपलंही सांगत होती. पण आपलं म्हणून सांगायला तिची जीभ रेटली नाही, आणि झाडाचं म्हणून सांगितलं ते कुणी ऐकलं नाही.

अक्षय्यतृतीयेला आंब्याची पूजा असायची. त्या वर्षी बहार मोठा, म्हणून पूजाही मोठी झाली. आसपासच्या वाड्यांवरून माणसं आली, बोलावलेली आली आणि न बोलावलेलीही आली. पंगतीवर पंगती उठल्या. एवढ्या माणसांना प्यायला, हात धुवायला पाणी लागतंच. सगुणा सकाळपासून खेपा घालत होती, दिवस भरत आले असताना. सगुणेचं वाढून ठेवलंय ना, असं कुणी कुणाला विचारलं नाही. दुसरीनं ठेवलं असेल असं प्रत्येकीला वाटलं. आणि म्हादू पाहुण्यांना आग्रह करण्यात गुंतलेला.

शेवटचा हंडा घेऊन ती या इथवर आली, तो खाली उतरवून ठेवला आणि झाडाला टेकून खाली बसली ती उठलीच नाही. बायका धावल्या, लुगड्याचा आडोसा धरला. इथंच, या बुंध्याशी, तिला मुलगी झाली. पोर खणखणीत रडलं. सगुणा मात्र विझत चालली होती. बहिणाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि विचारलं, बाळ, काय होतंय तुला? आयुष्यात पहिल्यांदा त्या मुलीनं आपल्या तोंडानं सांगितलं.

"आत्याबाई, भूक लागलीय."

बहिणाई ओरडली, घासभर भात आणा गं! बायका चुलीकडे पळाल्या. भाताचं पातेलं रिकामं. आमटीचं रिकामं. टोपल्यांत भाकरीचा तुकडा नाही. घरात पाणी म्हणाल तर रांजण काठोकाठ भरलेले, अंगणात हंडे भरलेले, सगळे तिनंच आणलेले. आणि शिजलेलं शीतही नाही. मग एकीनं उलथनं घेतलं आणि तळाची करपलेली खरवड काढायला लागली. तिचं पाहून दुसरीनं दुसरं पातेलं घेतलं. अंगणात सगळे गप्प उभे आणि आतून तो आवाज येतोय, खर्र, खर्र. ती चिमूटभर खरवड हातावर घेऊन बाई बाहेर आली, तोवर सगुणा गेलेली होती.

बहिणाईनं तिचं डोकं मांडीवरून अलगद खाली ठेवलं. मग उठली, घरातून छिन्नी-हातोडा आणला आणि स्वतःच्या हातानं तो पट्टा तोडायला लागली. लोक म्हणाले, अगं, म्हादूचा विचार कर. तिनं कुणाकडे पाहिलं नाही. पट्टा तुटून खाली पडला. म्हादूला काही झालं नाही, चांगला म्हातारा होऊन मेला म्हणे. त्याचा जीव त्या तांब्यात कधी नव्हताच.

झाड मात्र वाचलं नाही. मुळं आधीच मेली होती. काही दिवस पानं हिरवी राहिली, मग एकदम माना टाकल्या. आंबे कच्चेच गळाले, आणि त्या वर्षी कुणी एक फळ तोंडाला लावलं नाही. सगुणेची मुलगी आजीनं वाढवली. तिच्याच वंशातली माझ्या सासरची सगळी माणसं. बहिणाई मरेपर्यंत पाण्याला गेलेलं माणूस वर आल्याशिवाय जेवली नाही, आणि मरताना सगळ्या माचीला तिनं हेच सांगून ठेवलं.

आजही वटपौर्णिमेला आमच्या बायका वडाला फेऱ्या घालतात, पण सूत गुंडाळत नाहीत. कुठल्याही झाडाला इथं दोर बांधत नाहीत, गुरंही मेखेला बांधतात. आजही पाणी घेऊन येणारीच्या हातावर पहिला घास पडतो, या खोडाशीच, आणि तो तिच्या सासूनं द्यायचा. ही माझ्या ओच्यातली भाकरी माझ्या सुनेचीच आहे, येईल ती आता.

आणि पातेलं खरवडल्याचा आवाज कुठून आला, की माचीवरची म्हातारी माणसं हातातलं काम टाकून उठतात. मघाशी त्या दोघी दारात आल्या, त्या तुम्हाला बघायला नव्हत्या आल्या. त्या वाटेकडे बघत होत्या, खाली कोण राहिलंय ते.