म्होरकीचा माग

रात्रभर पडून पडून बर्फ पहाटे दमला होता. वारा अजिबात नव्हता. उजाडल्यावर आभाळ धुऊन पिळून वाळत घातल्यासारखं निळं निघालं. पण ऊन नावालाच. नदी गोठलेली, देवदार ओझ्यानं वाकलेले. मधूनच एखादी फांदी अंग झटकायची आणि धप्प करून बर्फ खाली यायचा. तेवढाच काय तो खोऱ्यात आवाज.

“मग आता कुठं शोधू तिला?”

सर्जेराव फडतरे गेणूआबांच्या दारात उभा होता. मांडीपर्यंत बर्फानं माखलेला. मिशांवर दव गोठलेलं.

आबा पत्र्याच्या शेगडीपुढं बसून गाडीला जुंपायच्या कुत्र्याचा उसवलेला साज शिवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“आधी दार लाव. ऊब चाललीय.”

त्यानं दार लावलं.

“वर पायीच जाऊन आलास?”

“बर्फावरचं यंत्र चालू होईना. पार गारठलंय, दुपारपर्यंत होईल.”

“बरं झालं.”

“त्यात बरं काय, आबा?”

“तुझा आवाज ऐकला आज. एरवी दारात येतोस, पण ऐकू येतं ते नुसतं घुर्रर्र.”

सर्जेरावाला हसू आलं नाही. तो शेगडीपाशी टेकला. हातमोजे काढले, बोटं चोळली आणि ज्वाळेकडं बघत राहिला.

गेणूआबा मूळचे माणदेशातले. जिथं प्यायला पाणी मिळायची मारामार, तिथला हा माणूस. पलटणीतून सुटल्यावर तो पुन्हा गावाकडं गेलाच नाही. नोकरीची अखेरची वर्षं ज्या बर्फात काढली, तिथंच राहिला. डोंगरी कुत्री पाळली, लाकडाची घसरती गाडी केली, तिला कुत्री जुंपली आणि थंडीच्या दिवसांत येणाऱ्या माणसांना त्या गाडीतून हिंडवायला लागला. सर्जेराव त्यांच्याच वाडीचा. मिसरूड फुटायच्या वयात त्यांच्याकडं आला, हाताखाली शिकला आणि मग भिंतीला भिंत लावून शेजारीच घर करून राहिला. त्याची स्वतःची कुत्री झाली. त्यांत चंद्री ही म्होरकी.

म्होरकी म्हणजे दोरावर सगळ्यांत पुढं पळणारी. बाकीच्यांनी नुसती ताकद लावायची. वाट तिनं काढायची. वरून सगळं सारखंच पांढरं, पण कुठं भुसभुशीत आहे, कुठं खाली ओढा पोकळ झालाय, हे तिला पायाला कळायचं. एकदा सर्जेराव ओरड ओरड ओरडला तरी ती पुढं सरकेना. उतरून काठी खुपसली, तर काठी हातातून सुटून खाली गेली. त्या दिवशी त्यानं तिला आपल्या ताटातलं खाऊ घातलं होतं.

तिच्या डाव्या पुढच्या पायाचं एक बोट नव्हतं. लहानपणी थंडीनं गेलेलं.

आणि आता चंद्रीच नव्हती.

पौषात गेली. माघ सरत आला.

“बिबट्यानं नेली म्हणतात लोक,” सर्जेराव म्हणाला.

“लोकांना थंडीत काम काय दुसरं?”

“तुम्हाला काय वाटतं?”

आबांनी दाभण मेणात बुडवलं.

“तू शोधतोस कसा, ते सांग.”

सर्जेराव जरा ताठ बसला. या एका बाबतीत त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. वरच्या खिंडीत कुणी चुकलं, की पोलीस त्यालाच बोलवायला यायचे. दिल्लीची माणसं, सुरतेची माणसं, एकदा तर पुण्याचं नुकतंच लग्न झालेलं जोडपं… सगळ्यांना त्यानं शोधून आणलं होतं.

“या खोऱ्यात हरवलेलं माणूस मला सापडलं नाही, असं झालंय का, आबा? सांगा तुम्हीच.”

“नाही झालं.”

“मग? रोज जातो मी. एक दिवस चुकवलेला नाही. दिवसा सहलीची माणसं मागं बसलेली असतात, तरी माझी नजर कड्यांवर. ती म्हणतात, भैया, और तेज! मी जातो तेज. त्यांना काय माहीत मी कशासाठी जातो.”

“निघतोस किती वाजता?”

“तांबडं फुटायच्या आधी. कुत्री ओरडायला लागली की.”

आबांचा हात थांबला.

“कुत्री ओरडतात?”

“रोज. पहाटेची. सगळी एकदम गळा काढतात. त्यांनाही तिची आठवण येते… मला तर अंथरुणात राहवतच नाही. तसाच उठतो, यंत्र चालू करतो आणि सुटतो वरच्या अंगाला.”

“अंगणातून?”

“दुसरीकडून वाट आहे का? छपरातून काढायचं, अंगण ओलांडायचं, की लागला चढ.”

आबा पुन्हा शिवायला लागले.

शेगडीत ओलं लाकूड चुरचुरत होतं.

“यंत्र आणलंस तो दिवस आठवतो?” आबांनी विचारलं.

सर्जेरावानं एक काटकी उचलून शेगडीत सरकवली.

न आठवायला काय झालं. कर्ज न काढता, चार हिवाळे पोटाला चिमटा घेऊन त्यानं ते बर्फावरचं यंत्र घेतलं होतं. खाली रुंद रबरी पट्टा, पुढं दोन घसरत्या पट्ट्या, आणि आवाज असा की समोरच्या डोंगरानं उलट उत्तर द्यावं. सहलीच्या माणसांना दोन्ही पाहिजे असायचं, कुत्र्यांची गाडीही आणि यंत्रही. म्हणून त्यानं युक्ती काढली. पुढं यंत्र चालवायचं, वाट दाबून सपाट करायची आणि मागून कुत्र्यांनी आयत्या वाटेवर पळायचं.

बाकीची पळाली. चंद्री पळेना. धुरात शिरायला तयार होईना. मागं वळायची, दोर गुंतवायची. सहलीची माणसं हसायला लागली. कुणीतरी म्हणालं, तुमच्या कुत्रीलाच रस्ता ठाऊक नाही वाटतं.

तेव्हा सर्जेरावानं तिचा साज काढला. “जा घरी,” म्हणाला.

ती तिथंच उभी राहिली होती. त्यानं मागं वळून पाहिलं तेव्हा बर्फात एक काळा ठिपका. पुढच्या वळणावर तोही दिसेनासा झाला.

संध्याकाळी घरी चंद्री नव्हती.

तिचा साज त्यानं दाराबाहेरच्या खुंटीला टांगून ठेवला. येता-जाता त्याच्यावर हात फिरवायचा. कुणी बघत नसलं तर नाकाला लावायचा.

“आठवतो,” सर्जेराव म्हणाला.

आबांनी हात पुढं केला.

“किल्ली दे.”

“कसली?”

“यंत्राची. आज दिवसभर नाही, उद्या सकाळीही नाही. अंगणात पाऊल टाकायचं नाही. घरात मागच्या खिडकीतून शिर, कुत्र्यांना दारातूनच खायला टाक. पहाटे ती ओरडली, तरी उठायचं नाही. कांबळं डोक्यावरून घे.”

“आणि तेवढ्या वेळात ती कुठं अडकलेली असली तर?”

“दे.”

“आबा, मी तिला शोधायचं थांबवू? मी?”

आबांचा हात तसाच पुढं. बोटांना मेण लागलेलं.

सर्जेराव उठला. दारापर्यंत गेला. परत आला. किल्ली त्या हातावर ठेवली.

आबांनी किल्ली मिठाच्या बरणीत टाकली.

“तुम्ही कुत्र्यांना असं शिकवत नव्हता,” सर्जेराव चिडून म्हणाला.

“कुत्री ऐकायची,” आबा म्हणाले.

पहाटे कुत्री ओरडली.

आधी एक, मग दुसरं, मग सगळी. सर्जेरावाचा हात आपसूक सदऱ्याच्या खिशाकडं गेला. खिसा मोकळा. त्यानं कांबळं डोक्यावर ओढलं आणि त्याची कड दातात धरली. पाय नुसते पळत होते, जागच्या जागी.

रोज एवढ्यात यंत्र धडधडायला लागायचं आणि पुढचं काही ऐकू यायचं नाही. आज ऐकू आलं.

कुत्र्यांचं ओरडणं उतरलं. मग बारीक कुईकुई, आईला बघितल्यावर पिल्लं करतात तशी. मग साखळ्यांची खुळखुळ. मग तीही थांबली.

मग काहीच नाही… खूप वेळ काहीच नाही.

तो उठला नाही. डोळ्यांतून पाणी गळून उशी भिजली, पण शब्द दिला होता, उठला नाही.

खिडकीच्या फटीतून उजेड आला तेव्हा त्यानं दार उघडलं.

त्याच्या स्वतःच्या कालच्या पावलांची एक रेघ सोडली, तर अंगणात कालचा बर्फ जसाच्या तसा होता. सगळ्या हिवाळ्यात पहिल्यांदाच त्याच्यावर यंत्राचा पट्टा फिरलेला नव्हता.

आणि त्या कोऱ्या बर्फावर पावलं होती.

आबांच्या बाजूच्या भिंतीला जिथं दगड ढासळलेत, तिथून ती आत आली होती. एकेका कुत्र्याच्या साखळीपाशी थांबली होती. तिथं बर्फ तुडवलेला, लोळलेला. तिथून सरळ दाराकडं. दारापुढं, खुंटीवरच्या साजाच्या बरोब्बर खाली, बर्फात एक खळगा होता. अंगाचं मुटकुळं करून बसल्यावर पडतो तेवढा. आतला बर्फ उबेनं वितळून पुन्हा गोठला होता, काचेसारखा चकाकत होता.

असा खळगा घटकाभर बसून होत नाही. हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

तिथून पावलं परत भिंतीकडं गेली होती.

तो गुडघ्यांवर बसला. डाव्या पुढच्या पायाचा ठसा शोधला. एक बोट कमी.

त्यानं खळग्यात हात ठेवला. ऊब नव्हती. तरी ठेवला.

“आबा…”

आबा पलीकडं भिंतीशी उभे होते. अंगावर पलटणीतला जुना कोट, हातात चहाचं पातेलं.

“आबा, ही… आजच आली?”

आबांनी मान हलवली. नाही.

“रोज?”

आबांनी पातेलं एका हातात घेतलं. आपल्या अंगणाकडं बोट केलं. भिंतीच्या त्या बाजूला, ढासळलेल्या दगडांपर्यंत, येणाऱ्या-जाणाऱ्या पायांनी एक बारीक वाट पडली होती. दबून घट्ट झालेली. त्या अंगणात कधी यंत्र फिरलं नव्हतं; ते पुढच्या दाराशी, वाटेवरच थांबायचं.

सर्जेराव त्या वाटेकडं बघत राहिला. मग आपल्या दारापुढच्या जमिनीकडं. रोज पहाटे इथंच त्यानं यंत्र चालू केलं होतं. रोज याच जागेवरून पट्टा फिरवून तो तिला शोधायला गेला होता.

“तुम्हाला ठाऊक होतं,” तो म्हणाला. “आणि मला सांगितलं नाही.”

“रोज सांगत होतो.”

“कधी?”

“तू दारात यायचास तेव्हा. तुझं इंजिन चालू असायचं.”

कुत्री साखळीला ताण देऊन उभी होती. सगळ्यांची तोंडं ढासळलेल्या भिंतीकडं. शेपट्या हलत होत्या.

सर्जेराव एकदम उठला.

“किल्ली द्या! माग ताजा आहे. लांब गेलेली नसणार. तासाभरात गाठतो तिला, आबा, बघाच तुम्ही!”

आबांनी कोटाच्या खिशातून किल्ली काढली. अजून तिला मिठाचे कण चिकटलेले होते. त्यांनी ती फुंकरीनं साफ केली आणि भिंतीवर ठेवली. दोघांच्या मधोमध.

“घे की.”

सर्जेरावानं हात लांबवला. किल्लीला बोटं लागली. थंडीनं चटका बसला.

छपराखालून यंत्र काढायला वाट एकच. अंगणातून. ठशांवरून, खळग्यावरून.

त्यानं हात मागं घेतला.

वर कुठंतरी फांदीनं बर्फ टाकला, धप्प. कुत्र्यांनी कान टवकारले आणि पुन्हा पाडले. सर्जेराव खुंटीपाशी गेला. साज उतरवून हातात घेतला आणि खळगा न मोडेल असा त्याच्या कडेला उभा राहिला. कुठं जावं, कुठं बघावं, काही सुचेना.

“मग मी आता करू तरी काय, आबा?”

शेजारच्या भिंतीवर पातेलं ठेवत म्हातारा म्हणाला,

“ती रोज येतीय शोधायला… सापड की रं एकदा.”