दगडी कड्याचं मौन

फार पूर्वी माया लोकांच्या देशात, चेंडूच्या मैदानाच्या भिंतीवर, चेंडू आरपार घालवण्यासाठी, एक दगडी कडं होतं. मक्याला कणसं लागेपर्यंत बोलायचं नाही, असं व्रत त्याने धरलं होतं. रबराचा जड चेंडू रोज चिडवी, “काय कडेबुवा, दातखीळ बसली का?” कडं आपलं गप्प.

एकदा खेळाच्या रीतीप्रमाणे कमरेने चेंडू उडवताना हुनाक हा खेळाडू घसरून पालथा पडला. चेंडू थेट त्याच्या डोक्यावर निघाला. “कडेबुवा, मला थांबता येईना हो!” चेंडू कळवळला.

“लेकरा, डोकं बाजूला घे!” कडं ओरडलं. हुनाक वाचला.

“व्रत मोडलं. आता मका जाणार,” म्हणत कडं झुरू लागलं. पण आठवड्याभरात शेतं कणसांनी भरली. मक्याचा देव मुळी रागावलाच नव्हता!

बायांनो, तुम्हीही व्रतं करा. पण कुणाच्या जिवावर बेतलं, तर आधी हाक मारा.