सुदामची राखीव जागा

एका गावात एक भोळा प्रोग्रामर होता. खेड्यात कुठला आलाय प्रोग्रामर, असं म्हणाल, पण होता. नाव सुदाम. मगदूम सरांकडे असेंब्ली, म्हणजे थेट चिपशी बोलायची भाषा, शिकलेला. सर सांगतील ते करायचा, आणि अगदी तेवढंच करायचा.

यंदा जिल्ह्याच्या कबड्डी स्पर्धा पहिल्यांदाच गावाला मिळाल्या होत्या. काही कमी-जास्त झालं तर पुढल्या वर्षी शेजारच्या गावाला जाणार. म्हणून सरांनी दिव्यांचा गुणफलक करायला घेतला. प्रोग्राम सुदामकडे.

"प्रत्येक संघाच्या गुणांना जागा ठेव," सर म्हणाले.

सुदामनं हजार जागा ठेवल्या आणि प्रत्येकीत हातानं शून्य भरलं. प्रोग्राम एवढा फुगला की चिपमध्ये मावेना.

"अरे, जागा नुसती राखायची. आत काही भरायचं नाही."

"बरं सर."

फलक लावला. खेळाडू अजून बूट काढतायत, आणि आमचे सत्त्याऐंशी, पाहुण्यांचे दोनशे तीन.

"मी काही भरलं नाही सर."

"राखलेली जागा रिकामी नसते बाबा. आधीचा कचरा तिथंच पडलेला असतो. वापरायच्या आधी पुसायचा आणि शून्य घालायचं."

"बरं सर."

सामना सुरू झाला. आमच्या पोरानं दोन गडी मारले, फलकावर दोन. मग एक मारला, फलकावर एक. सुदाम दर गुणाला जागा पुसत होता. आम्ही एकोणीस गुणांनी जिंकलो, फलक म्हणतो एक.

"सुरुवातीला एकदाच पुसायचं रे!"

"बरं सर."

त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी एकदाच पुसलं. त्या दिवसाचा दुसरा सामना पहिल्याच्या गुणांवरून पुढं चालू झाला. पंचांनी पाटी-खडू मागवला. सरांचा जीव अगदी मेटाकुटीला आला.

"सुदाम, आता तू मशीनला हात लावू नकोस. ती फिरती ढाल घेऊन बस. नवीन विजेत्याच्या नावाला जागा करून ठेव."

एवढ्या कामात काय बिघडणार? सरांनी स्वतः फलक नीट केला, अंतिम सामना रंगला, लोक खूश झाले. प्रमुख पाहुणे बक्षीस द्यायला उठले. पुढली स्पर्धा कुठं द्यायची ते त्यांच्याच हातात होतं. मोठ्या प्रेमानं म्हणाले, "या ढालीवर माझंही नाव आहे बरं का. मी कर्णधार होतो."

त्यांनी ढालीवरचं फडकं काढलं. पॉलिश पेपरनं घासून ढाल लख्ख झाली होती. वरपासून खालपर्यंत बावीस ओळी, आणि प्रत्येक ओळीत खिळ्यानं कोरलेलं एकेक शून्य. पाहुणे चष्मा लावून नाव शोधायला लागले.

सुदाम अदबीनं पुढं झाला. "शोधू नका साहेब. आधीचा सगळा कचरा मी केव्हाच काढला."