केरकरासाठी कौल

“पण माणूस भरवशाचा आहे की नाही, तेवढंच सांगा ना!”

अंकुश परबाने हे तिसऱ्यांदा विचारलं. जिवाजी गुरव रवळनाथापुढची समई पुसत राहिले.

अंकुश म्हणजे आमच्या जुन्या वळणाच्या माणसांचा म्होरक्या. गाऱ्हाणं घालायला, म्हणजे गावाच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलायला, तो जिवाजींकडेच शिकला. शिकला तसा चढलाही. खोटं कशाला बोलू, त्याच्या मागे मान हलवत जाणाऱ्या एकवीस जणांत मीही होतो.

दुसऱ्या दिवशी आमच्या पक्षाचा नगराध्यक्षपदाचा उमेदवार ठरायचा होता, पक्षातल्याच लोकांच्या मतांनी. एक गडी उघड सांगत होता, देवराई तोडून रस्ता काढणार. दुसरा उल्हास केरकर. पाच वर्षांपूर्वी हाही तेच बोलत होता! आता पालखीला अनवाणी येतो, कपाळभर अंगारा फासतो आणि म्हणतो, देवराईच्या पानालाही हात लावू देणार नाही.

आमची बावीस मतं जिकडे, तिकडे पारडं. चुकलो की देवराई गेली.

“कौल लावा,” अंकुश म्हणाला. “देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवा. उजवी पडली तर केरकराला मत. डावी पडली तर...”

“तर?”

“तर घरी बसू.”

“आणि घरी बसलात की तो दुसरा येणार.”

“येऊ दे. देवाची इच्छा!”

“बरं. उजवी पडली, केरकर आला, आणि नंतर फिरला तर?”

अंकुशने खांदे उडवले. “मग आमचा काय दोष? देवानेच सांगितलं होतं.”

लाज वाटते सांगायला, पण ते ऐकून मला हायसं वाटलं. मलाही तेच हवं होतं.

जिवाजींनी समई जागेवर ठेवली. तांब्यातल्या पाण्यात पाकळ्या भिजवल्या.

“आधी गाऱ्हाणं घाल.”

अंकुश उभा राहिला. आवाज काय त्याचा, वा!

“बा देवा रवळनाथा, केरकराला चांगली बुद्धी दे. दिल्या शब्दाला त्याला जागव. वाकडं पाऊल टाकलं तर त्याला वठणीवर आण रे महाराजा!”

यावर सगळ्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हणायचं असतं. मी म्हटलं.

जिवाजींनी नाही.

“काय चुकलं?” अंकुशने विचारलं.

“बुद्धी देव देणार. जागवणार देव. वठणीवर आणणार देव. मेल्या, तू काय करणार?”

“मी मत देणार!”

“हात वर करायला किती वेळ लागतो?”

अंकुश लालबुंद झाला. मला वाटलं, आता चप्पल घालून निघणार. निघाला नाही. पुन्हा हात जोडले. या वेळी आवाजात गोडवा नव्हता, शब्द अडकत होते.

“बा देवा रवळनाथा... आज बाजारात, चारचौघांत, पाच वर्षांपूर्वीचं बोलणं मी केरकराला तोंडावर विचारणार. सरळ उत्तर दिलं तरच मत. नाही दिलं, तर तिथेच तिसरा उमेदवार म्हणून मी उभा राहणार, हरलो तरी बेहत्तर. आणि निवडून येऊन तो फिरला, तर पहिल्या झाडाला पाठ लावून मी उभा असेन. आपलाच माणूस म्हणून गप्प बसणार नाही. चढवणारा मी, उतरवणाराही मीच. यात मी कसूर केली, तर त्याला नको, मला धर रे महाराजा!”

“व्हय महाराजा!” मी ओरडलो, आणि ओरडता ओरडता कळलं, आता मीही अडकलो. अडकलो तर अडकलो.

अंकुशने उपरण्याने तोंड पुसलं.

“लावा आता कौल.”

जिवाजींनी भिजलेल्या पाकळ्या केळीच्या पानात गुंडाळून बाजूला ठेवल्या.

“तुला कशाला कौल? केरकराला पाठव. ‘अंकुश मला सोडेल का’ हे विचारायची पाळी आता त्याची.”