थोरल्या पाइपाची कड

पाइप आणि यंत्रं बोलायची तेव्हाची गोष्ट. हणमंत मिस्त्रीने जुना ग्राइंडर आणि स्कूटरचं बेअरिंग वापरून पाइपाची कड तिरकी घासायचं यंत्र घरीच बनवलं. गावच्या नळासाठी दोन पाइप जोडायचे होते. त्यातला थोरला फणकारला, "या भंगाराला मी माझ्या कडेला लागू देणार नाही. तसंच जोडा."

मिस्त्री घाईत होता. त्याने तसंच वेल्डिंग करून जोडलं. पाणी सोडताच, गळती कळावी म्हणून सांध्यावर बाहेरून फासलेला खडू भिजला.

"वेल्डिंग नुसतं वरवर बसलंय," यंत्र थोरल्याला म्हणालं. "आत उतरायला तू जागाच ठेवली नाहीस."

मिस्त्रीने सांधा कापला. थोरल्याने आपणहून तोंड पुढे केलं. दोन्ही कडा तिरक्या झाल्या आणि मधल्या खाचेतून वेल्डिंग तळापर्यंत उतरलं.

पुन्हा खडू फासून पाणी सोडलं. खडू पांढराच राहिला. मिस्त्री हुश्श करून खाली बसला.

थोरला हळूच यंत्राला म्हणाला, "दादा, माझं दुसरं टोक राहिलंय."