ऐलपैल ग्रंथपाल

एका नदीच्या दोन तीरांवर दोन राज्ये होती. दोन्हीकडे विद्यापीठ होते, दोन्हीकडे मोठे ग्रंथालय होते, आणि दोन्हीकडे मागितलेला ग्रंथ हाती यायला इतका वेळ लागे की तोवर त्याची गरजच संपून जाई. आपले ग्रंथपाल घरच्या घरी शिकलेले आहेत म्हणून असे होते, असे दोन्ही विद्यापीठांचे मत पडले.

तेव्हा ऐलतीरचे कुलगुरू गवा आणि पैलतीरचे कुलगुरू अस्वल यांची नदीतल्या बेटावर भेट झाली. ऐलतीरच्या उमेदवारांनी पैलतीरी शिकावे, पैलतीरच्यांनी ऐलतीरी, आणि शिक्षण पुरे होताच ज्याने त्याने आपल्या तीरावर परतावे, असा करार ठरला. ग्रंथ मात्र कोणीही पलीकडे न्यायचा नव्हता, कारण ग्रंथ ही त्या त्या राज्याची ठेव. करार लगेच झाला. वेळ लागला तो सुतारपक्ष्याला. हा प्रसंग त्याने एका ओंडक्यावर कोरायला घेतला, आणि कोरून होईपर्यंत गवा आणि अस्वल पंजात खूर देऊन उन्हात उभे राहिले.

ऐलतीरहून निवड झाली ती सगुणा नावाच्या कोल्हिणीची. कोणी काही विचारत यावे आणि आपण नेमके तेच त्याच्यापुढे ठेवावे, यापलीकडे तिला आयुष्यात फारसे काही नको होते. तिची नाव भर प्रवाहात असताना समोरून दुसरी नाव आली. तीत पैलतीरचा उमेदवार दाजिबा वानर बसला होता. त्याने हात हलवला, तिने मान लववली, आणि दोघे एकमेकांच्या गावी शिकायला गेले.

पैलतीरचे ग्रंथालय जमिनीखाली होते. तिथे ग्रंथ वासावर लावलेले असत: पाण्याविषयीचे ओलसर वासाच्या भुयारात, रोगांविषयीचे कडवट वासाच्या, भांडणांविषयीचे लसणाच्या. तिथली म्हातारी ग्रंथपाल मुंगशीण सगुणाला हाताला धरून भुयाराभुयारांतून फिरवी. कोल्हिणीचे नाक ते. थोड्याच काळात सगुणा डोळे मिटून हवा तो ग्रंथ काढू लागली. तिकडे ऐलतीरचे ग्रंथालय उंचच उंच मचाणांवर होते. ज्याचा विषय जमिनीला लागून तो ग्रंथ खाली, आभाळाजवळचा वर, अशी तिथली रीत. म्हाताऱ्या खारीच्या मागोमाग दाजिबा वानर त्या मचाणांवर असा रुळला की जणू जन्मलाच तिथे.

दोघे परतले. दोन्ही तीरांवर शाल-श्रीफळ झाले. बाहेरून शिकून आलेला ग्रंथपाल असताना घरचा ठेवणे बरे दिसेना, म्हणून ऐलतीरने खारीला आणि पैलतीरने मुंगशिणीला सन्मानाने निवृत्त केले. खार लेकीकडे दूरच्या रानात निघून गेली.

सगुणा आपल्या ग्रंथालयात पहिल्यांदा एकटी उभी राहिली आणि तिने खोल श्वास घेतला. वाळवी लागू नये म्हणून सगळ्या ग्रंथांना कडुनिंबाचे तेल चोळलेले होते. खालपासून वरपर्यंत एकच वास होता.

काही दिवसांनी एक चितळीण आली. तिच्या कळपाच्या खुरांना चिरा पडून त्या सडू लागल्या होत्या. तिचे पाडस उभे राहीना, आणि कळपाला चाऱ्यासाठी लवकरच पुढे सरकायचे होते. असा रोग पूर्वी येऊन गेल्याचे आणि त्यावर कोणी ग्रंथ लिहिल्याचे तिने ऐकले होते. सगुणाने तिला बसायला सांगितले आणि शोधायला लागली. तिने रोगांचे म्हणून जे दिसले ते हुंगले, प्राण्यांचे म्हणून जे दिसले ते उपसले, शिडीवरून दोनदा घसरली. संध्याकाळी चितळीण उठून गेली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, आणि तिने काही विचारलेसुद्धा नाही. नुसती दारात उभी राहिली. तेच सगुणाला फार लागले.

ती कुलगुरूंकडे गेली. खारीला बोलवावे, नाहीतर मला हे ग्रंथ वासावर लावू द्यावेत, असे तिने विनवले. गव्याने शांतपणे ऐकून घेतले. खारीला बोलावणे म्हणजे कराराचा अपमान, आणि मांडणी बदलणे म्हणजे परंपरेचा, असे त्याने समजावले. मग तो आपुलकीने म्हणाला, "सगुणाबाई, तुमचं शिक्षण उत्तम झालंय. अडचण ग्रंथालयाची आहे. कराराच्या दुसऱ्या टप्प्यात आपण तिचा विचार करू."

सगुणा तिथून निघाली ती थेट नदीवर आली. आपल्या ग्रंथालयाची खडान्‌खडा माहिती असलेला एकच जण आता जवळपास उरला होता, आणि तो पलीकडे होता. पैलतीरी एका खडकावर दाजिबा बसलेला तिला दिसला. तो भुयारांत डोके आपटून आला असावा, कारण कपाळाला टेंगूळ होते.

काठाला दोर बांधून तिथे रानकुत्र्याचा पहारा असे. त्याने सगुणाला अडवले. इथून ग्रंथ जात नाही, ग्रंथपाल जात नाही, असे त्याने बजावले.

"आवाज जातो का?" सगुणाने विचारले.

रानकुत्र्याने बराच विचार केला. ग्रंथ, ग्रंथपाल, फळे आणि कोंबड्या यांविषयी त्याला हुकूम होते. आवाजाविषयी काही नव्हते.

"जात असावा," तो म्हणाला. "मी कधी अडवला नाही."

सगुणाने पुढचे पाय पाण्यात रोवले आणि मान वर करून सगळा जीव गळ्यात आणून विचारले, "दाजिबा, खुरं सडण्यावरचा ग्रंथ कुठे असेल?"

दाजिबा ताडकन उभा राहिला. "खूर जमिनीला टेकतं ना?" त्याचा आवाज पाण्यावरून आला. "अगदी खाली बघा, मुळांच्या शेजारी, उंबरठ्याला लागून. आडवा ठेवलाय." आणि ती वळणार तोच तो घाईने ओरडला, "सगुणाताई, थांबा. आमच्याकडच्या मधमाश्या पोळी सोडून चालल्यात. त्यावरचं काही?"

"डावीकडचं भुयार. जळक्या गुळाचा वास येईल तिथे."

"मला वास कळत नाही हो."

"मग जिथे शिंक येईल, तिथे हात घाला."

ग्रंथ उंबरठ्याजवळच होता; सगुणा रोज त्याला ओलांडून आत येत होती. त्यात सांगितल्याप्रमाणे चितळिणीने कळपाला अर्जुनाच्या सालीच्या काढ्यात उभे केले. कळप पुढे निघाला तेव्हा पाडस लंगडत होते, पण आपल्या पायांनी चालत होते. सगुणा दिसेनासे होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली.

ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. ज्याला काही हवे असे तो आता ग्रंथालयात न जाता सरळ काठावर येई. पलीकडेही तसेच झाले.

वर्षअखेरीस दोन्ही विद्यापीठांची संयुक्त समिती पाहणीला आली. दोन्ही ग्रंथालयांत एकही वाचक ताटकळत नव्हता, कोणाची तक्रार नव्हती, मचाणे आणि भुयारे नीटनेटकी होती. असे यश दुसऱ्या कुठल्या करारात आले नसेल, असे गवा म्हणाला, आणि अस्वलाने दुजोरा दिला. सुतारपक्ष्याला पुन्हा बोलावणे गेले.

त्या वेळी नदीवर गर्दी होती. दोन्ही काठांवर पहाऱ्याचे दोर धरून वाचक रांगेत उभे होते. सगुणा आणि दाजिबा पाण्यात गुडघाभर उतरून, मधल्या प्रवाहावरून एकमेकांना विचारत होते आणि सांगत होते. एक म्हातारा ससा रांगेत पुढे आला, त्याने हळूच काहीतरी मागितले, आणि सगुणाने ते पलीकडे पोचवायला मान वर केली. तेवढ्यात काठच्या डबक्यात बेडकांनी सूर धरला. रानकुत्रा दोर सोडून लगबगीने डबक्यापाशी गेला, वाकला, आणि ओठांवर पंजा ठेवून दबक्या आवाजात म्हणाला, "शांत बसा. इथे लोक वाचताहेत."